यादी पोराच्या हातात

धानाच्या रोवणीच्या दिवसांत भंडारा-गोंदियाकडच्या बाईला 'फावल्या वेळात काय करता?' असं विचारणं म्हणजे थट्टाच. चुलीवरून उठली की बांधीत, बांधीतून आली की पुन्हा चुलीपाशी. आठवडी बाजार मात्र तिच्या सोयीने थांबत नाही. म्हणून हा अंक तिच्या युक्त्यांचा. बापांनी वाचला तरी हरकत नाही.

आम्हाला सर्वांत आवडलेली युक्ती साधी आहे: यादी पोरानेच करायची. लिहिता येत नसेल तर कांदा, साबण, मिरचीची चित्रं काढायची. त्यात घरातला तासभर शांततेत जातो आणि बाजारात पोराला काम मिळतं. चित्रावर काट मारायची असल्याने खेळण्यांच्या दुकानापाशी रडारड कमी होते; थांबत नाही, तसं आश्वासन आम्ही देणार नाही.

मोठी खरेदी मंडईच्या जत्रेवर ढकलणारी घरंही बरीच. १९९९ मध्ये गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला, पण दिवाळीनंतरची मंडई दोन्हीकडे तशीच भरते. भांडी, कपडे, खेळणी एकाच ठिकाणी, आणि रात्री दंडार किंवा नाटक. पाहुण्यांचा राबता वाढतो, हा खर्च मात्र कोणी हिशोबात धरत नाही.

खेळण्यांचंच म्हणाल, तर मुलांच्या तान्ह्या पोळ्याला चाकाचा लाकडी नंदी घेतला तर तो वर्षभर पुरतो. ओढायला दोरी, सजवायला रंगीत कागद, लहान भावंडाला बसवायला पाठ. मोबाईलपेक्षा तो टिकतो, आणि चार्ज करावा लागत नाही.