चिंता नको, पण आसवे असू द्या

ख्रिस्ती घरात मृत्यू झाला, दफनविधी आटोपला, की समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागते. पाळक येतात, मंडळीतील वडीलधारी येतात, शेजारीपाजारी येतात. प्रार्थना होते, एखादे गीत म्हटले जाते आणि निघताना बहुतेकांच्या तोंडी तीच दोन वाक्ये असतात : "चिंता करू नका. देवाची इच्छा!" बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, याविषयी शंका नाही. पण ही वाक्ये कानी पडताच घरातील माणूस भरून आलेले डोळे घाईघाईने पुसतो. जणू रडणे म्हणजे अविश्वासाचा पुरावाच! आपली श्रद्धा कोठेतरी उणी पडली, असे त्याला वाटू लागते. दुःख तर होतेच. त्यात अपराधी भावनेची भर पडते. मित्रहो, माझे म्हणणे एवढेच आहे, की ख्रिस्ती भक्तीने मनाई केली आहे ती चिंतेला, दुःखाला नव्हे. या दोहोंची गल्लत करणे हे धर्माच्या दृष्टीनेही चूक आहे आणि माणुसकीच्या दृष्टीनेही.

ज्या उपदेशाचा आधार घेऊन हे सांत्वन केले जाते, तो मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात आहे. तेथे प्रभू येशू कोणाला काय सांगत आहे? समोर बसलेली माणसे हातावर पोट असणारी आहेत. उद्या काय खावे, काय प्यावे, काय ल्यावे, हा त्यांचा घोर आहे. त्यांना तो आकाशातील पाखरे व रानातील फुले दाखवतो आणि उद्याचे ओझे आजच उचलू नका, म्हणून बजावतो. मात्र त्याच अध्यायाच्या अखेरीस, ज्या त्या दिवसाचे दुःख त्या त्या दिवसाला असतेच, हेही तो मान्य करतो. याचा अर्थ, आजचे दुःख त्याने नाकारलेले नाही; नाकारले आहे ते उद्याचे, अजून न आलेले संकट. त्याच प्रवचनाच्या आरंभी, पाचव्या अध्यायात, शोक करणाऱ्यांना तो धन्य म्हणतो. ज्या मुखाने चिंता करू नका म्हटले, त्याच मुखाने शोकाला आशीर्वाद दिला, ही गोष्ट आपण सोयीस्कररीत्या विसरतो.

आणि बेथानी गावची ती गोष्ट? आपला मित्र लाजर पुन्हा उठणार आहे, हे येशूला ठाऊक होते. तरीही त्याच्या बहिणीला व सोबतच्या लोकांना रडताना पाहून तो स्वतः रडला, असे योहान अकराव्या अध्यायात नमूद करतो. पुनरुत्थानाची खात्री असलेल्यालाही रडू आले! मग ज्यांना ती गोष्ट केवळ विश्वासाने धरून ठेवायची आहे, त्यांच्या अश्रूंचा हिशेब मागणारे आपण कोण?

वस्तुतः दुःख आणि चिंता यांची जात वेगळी. जे घडून गेले, त्याविषयी दुःख असते. जे घडेल की नाही ठाऊक नाही, त्याविषयी चिंता असते. दुःख माणसाला एकदा रडवते आणि हळूहळू मोकळे करते. चिंता रडूही देत नाही आणि झोपूही देत नाही. आपल्याकडे चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचा फरक मानतात, तो उगाच नव्हे. माझा अनुभव आणि वाचन मला आणखी एक गोष्ट सांगते : जे दुःख रडून मोकळे होऊ शकले नाही, तेच पुष्कळदा चिंतेचे रूप घेऊन घरात ठाण मांडून बसते.

याचे एक विलक्षण उदाहरण आपल्या मराठी वाङ्मयातच आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांनी अभ्यासक्रमातून वेचे म्हणून वाचली असतील. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत फासावर गेले. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही, अगदी मीठसुद्धा! लक्ष्मीबाई हे सारे इतक्या खुसखुशीतपणे सांगतात, की वाचताना हसू आवरत नाही. पण हसून झाल्यावर क्षणभर थांबावे. ते वेड मुळात सोवळ्याचे होते का? मला तरी तो एका भीषण मृत्यूचा न पेललेला धक्का वाटतो. जे मनातून धुऊन निघत नव्हते, ते त्या गृहस्थांनी मिठात धुऊन पाहिले. २०२० साली दारात आलेली प्रत्येक पिशवी धास्तावून पुसणाऱ्या आपल्या पिढीला तरी ते घर फार परके वाटू नये.

आता याच्या उलट बाजूचे एक चरित्र पाहा. पंडिता रमाबाईंचे वडील, आई आणि थोरली बहीण १८७४ च्या सुमारास दुष्काळात, उपासमारीने खंगून, काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेली दोघे भावंडे देशभर पायी हिंडली. १८८० मध्ये भाऊही गेला. आजारात त्याला एकच घोर होता : आपल्यामागे या बहिणीचे कसे होणार? आपणा दोघांची काळजी वाहायला देवाखेरीज कोण आहे, अशा अर्थाचे उत्तर रमाबाईंनी त्याला दिले आणि तेवढ्याने त्याचे मन शांत झाले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. या वेळी रमाबाई ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या, हेही येथे सांगितले पाहिजे. देवावर भार टाकणे ही कोणा एका समाजाची मिरासदारी नाही.

१८८२ मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने गेले. कडेवर लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला; पण म्हणून त्या मुकाट्याने मान डोलावू लागल्या असे नाही. तेथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तो पाहिला, तर श्रद्धा ठेवणारी बाई किती परखड प्रश्न विचारू शकते ते कळते. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ आला. 'देवाची इच्छा' म्हणून स्वस्थ बसण्याचा अधिकार रमाबाईंइतका कोणाला असता? ज्या दुष्काळाने त्यांचे घर नेले, तोच पुन्हा आला होता. पण त्या उठल्या, मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावचे 'मुक्ती' त्यातून उभे राहिले. उपाशी पोराचे डोळे कसे दिसतात, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. ते त्यांच्या स्वतःच्या दुःखाने शिकवले होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. एप्रिल १९२२ मध्ये स्वतःचे डोळे मिटेपर्यंत त्या कामाचाच ध्यास त्यांना होता.

यालाच मी कृपा म्हणतो. कृपा म्हणजे दुःख नाहीसे होणे नव्हे आणि दुःखाचे कारण उलगडणे तर मुळीच नव्हे. रमाबाईंना 'का?' या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे मला त्यांच्या चरित्रात कोठे दिसत नाही. मिळाले ते आजच्या दिवसापुरते बळ आणि आजच्या दिवसापुरते काम. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. जिला त्यांनीच लिहायला-वाचायला उद्युक्त केले, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे पूर्ण केले. गेलेल्याची लेखणी उचलून उरलेल्याने पुढची ओळ लिहायची. शोकात कृपा येते ती बहुधा अशी.

कोणी म्हणेल, हे मोठ्या माणसांचे झाले. सामान्यांनी काय करावे? कोणी असेही म्हणेल, की ज्याचा देवावर विश्वासच नाही, त्याला ही कृपा कोठून मिळावी? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मला वाटते, सामान्यांच्या घरी कृपा दुसऱ्या माणसाच्या हातून येते आणि ती स्वीकारण्यापूर्वी कोणाला विश्वासाचा दाखला द्यावा लागत नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत किती घरांत मृत्यू आला आणि समाचाराला मात्र कोणी येऊ शकले नाही! सांत्वनाचे शब्द मोबाइलवर ढिगाने आले. खांद्यावर हात मात्र पडला नाही. त्या काळात अनेकांना उमगले, की आपल्याला उपदेश नको होता, जवळ बसणारे माणूस हवे होते. बायबलमधील ईयोबाचे मित्रही सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले, तोवर खरे मित्र होते. बोलू लागले आणि बिघडले.

आपल्या महाविद्यालयीन जीवनातही हे घडते. कोणाचे वडील जातात, कोणाची आई. आठ-पंधरा दिवसांनी तो विद्यार्थी वर्गात येऊन मागच्या बाकावर बसतो. आपण त्याला टाळतो, कारण काय बोलावे ते सुचत नाही. किंवा गाठून 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणतो आणि आपले कर्तव्य झाले असे मानतो. त्याला खरोखर चिंता आहे ती परीक्षेच्या अर्जाची, बुडालेल्या तासांची, भरायच्या फीची. ती निरर्थक चिंता नाही. पण आपण मनावर घेतले तर ती दूर होण्यासारखी आहे. वह्या उतरवून द्याव्या, अर्ज भरून द्यावा, डबा अर्धा पुढे सरकवावा. प्राध्यापकांनी हजेरीचा प्रश्न त्याने विचारण्यापूर्वीच सोडवावा. एवढे झाले, की त्याच्या वाट्याला निव्वळ दुःख उरेल. आणि ते त्याला सुखाने रडू द्यावे.