अनिश्चिततेचे गणित

नवी मुंबईतील शीतगृहांत सफरचंदांच्या पेट्या दीर्घकाळ टिकतात. दार उघडते, उष्ण हवा आत शिरते, नवा माल येऊन पडतो. तरीही तापमान ठरलेल्या मर्यादेत राहते. यंत्रणा तापमान मोजते, इष्ट आकड्याशी ताडून पाहते आणि तफावतीनुसार गारवा वाढवते वा कमी करते. रात्री रोजमेळ जुळवून दुसऱ्या दिवशीची खरेदी ठरवणाऱ्या व्यापाऱ्याला ही रीत परकी नाही. अभियांत्रिकीत तिच्या अभ्यासाला नियंत्रणशास्त्र म्हणतात.

या शास्त्रातील एक अग्रगण्य नाव म्हणजे प्रा. प्रमोद खरगोनेकर. १९७७ साली त्यांनी खाडीपलीकडच्या पवई येथील आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे फ्लोरिडा विद्यापीठात १९८० मध्ये गणिताची पदव्युत्तर पदवी आणि १९८१ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची डॉक्टरेट संपादन केली. त्यांचे मार्गदर्शक होते रुडॉल्फ कालमन; त्यांच्या 'कालमन फिल्टर'चा उपयोग अपोलो यानांच्या मार्गनिर्धारणात झाला होता.

हाती अभियंत्याची पदवी असताना पुन्हा गणित कशासाठी, असा प्रश्न आपल्याकडे कोणीही पालक विचारील. त्याचे उत्तर खरगोनेकरांच्या संशोधनात आहे.

कालमन यांच्या पद्धतीत अडथळ्यांचा सर्वसाधारण स्वभाव ठाऊक आहे, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात तो पुष्कळदा ठाऊक नसतो. मर्यादित शक्तीचा कोणताही, अगदी सर्वांत प्रतिकूल अडथळा आला तरी त्याचा परिणाम आटोक्यात कसा ठेवावा, हा प्रश्न जॉर्ज झेम्स यांनी १९८१ मध्ये मांडला. 'एच-इन्फिनिटी' नियंत्रण या नावाने तो ओळखला जातो. आरंभीची उत्तरे फार क्लिष्ट होती. १९८९ मध्ये जॉन डॉयल, कीथ ग्लोव्हर, खरगोनेकर आणि ब्रूस फ्रान्सिस यांनी दाखवून दिले, की दोन रिकाटी समीकरणे सोडवून असा नियंत्रक रचता येतो आणि तो मूळ यंत्रणेच्या गणिती प्रतिमानाहून अधिक गुंतागुंतीचा होत नाही. हा निबंध या विषयाचा पाया ठरला. २०१९ साली खरगोनेकरांना आयईईईचा नियंत्रणशास्त्राचा पुरस्कार मिळाला.

गणिताची ती पदवी आणि हा निबंध यांत नऊ वर्षांचे अंतर आहे. पेढीवर बसणाऱ्या मुलाला माल पारखता यावा म्हणून आपण काही वर्षे देतो. पहिल्याच दिवाळीला त्याच्याकडे नफ्याचा हिशेब मागत नाही. घरातील एखादा मुलगा वा मुलगी संशोधनाची वाट धरू पाहत असेल, तर तिथेही तेवढीच मुदत द्यावी.