थंडीतली न दिसणारी संकटं

मित्रांनो, कॉन्व्हेंटवालीचं मराठी सांभाळून घ्या, पण मुद्दा जिवाचा आहे. आपल्या संभाजीनगरच्या थंडीत खरा धोका गारठ्याचा नाही, न दिसणाऱ्या गोष्टींचा आहे. गेल्या डिसेंबरात, ऐन गळीत हंगामात, पैठण रोडवर रात्री आमची बाईक उसाच्या ट्रॉलीवर आदळता आदळता वाचली. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. खोलीत तसाच कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, कोंदट बाथरूममध्ये गॅस गीझर नको. आणि ट्रॉलीवाल्याला नुसत्या शिव्या देऊन काय होणार? गॅदरिंगच्या वर्गणीतून लाल रिफ्लेक्टर टेप घेऊ, कारखान्याच्या गेटवर जाऊन स्वतः चिकटवू. इंजिनिअर होणार आहोत ना आपण?