डोक्याचा मार आणि कामावर परतण्याची घाई

रक्त निघालें नाहीं, हाड मोडलें नाहीं, तेव्हां कांहीं झालें नाहीं, असा हिशेब आमच्या शेतकरीवर्गांत सर्रास चालतो. पाय मोडलेल्या मनुष्यास कोणी औतावर ये म्हणत नाहीं, कारण त्याचें प्लास्टर सर्वांस दिसतें. परंतु गव्हाणीपाशीं बैलानें उडविलेला, कडब्याच्या गंजीवरून खालीं आलेला किंवा मोटारसायकल घसरून डोक्यावर पडलेला मनुष्य घटकाभर बसून पाणी प्याला, कीं दुसरे दिवशीं ट्रॅक्टरवर दिसतो, आणि त्याच्या धडाडीचें गांवांत कौतुक होतें. हें कौतुक अस्थानीं आहे व त्यापासून जीवितास धोका आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मेंदू हा कवटीच्या आंत द्रवांत असतो. डोक्यास जोराचा हिसका बसला कीं तोहि आंतल्या आंत हलतो, व त्याच्या पेशींचें काम कांहीं काळ विसकटतें. डॉक्टर लोक ह्यास कन्कशन म्हणतात. आपण मेंदूस बसलेला धक्का म्हणूं. ह्यांत शुद्ध हरपलीच पाहिजे असें नाहीं. बहुतेकांची ती हरपत नाहीं. सी. टी. स्कॅन काढिला तर आंतील रक्तस्राव किंवा कवटीस गेलेला तडा त्यांत दिसतो, पण नुसता धक्का दिसत नाहीं. म्हणून ‘स्कॅन साफ आला’ ह्याचा अर्थ तांतडीचें संकट आढळलें नाहीं एवढाच होय. त्यावरून ट्रॅक्टर चालविण्यास परवानगी मिळाली असें समजणें ही मोठी गैरसमजूत आहे.

धक्का बसलेल्या मनुष्याचें डोकें दुखतें, भोंवळ येते, मळमळतें, ऊन व आवाज सोसवत नाहीं, झोंप बिघडते, स्वभाव चिडखोर होतो. हीं लक्षणें निदान जाणवतात तरी. परंतु विचाराची व हातापायांची चपळाई मंदावलेली असते, ती ज्याची त्यास कळत नाहीं. रस्त्यांत शेळी आडवी आलेली दिसणें आणि पाय ब्रेकवर जाणें ह्यांमध्यें जो क्षण जातो तो लांबतो. तशांत ट्रॅक्टर हांकणारास घडोघडीं मान वळवून मागच्या औजाराकडे पहावें लागतें, आणि मान वळवितांच भोंवळ येणें हें ह्या दुखण्यांत नेहमींचेंच. बांधाच्या कडेनें वळतांना एक चाक वर व एक खालीं. मागें रोटाव्हेटरचीं पातीं फिरत असतात. छप्पर नसेल तर ऊन, आवाज व हादरे हीं तिन्ही एकदम डोक्यावर. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून रात्रीं कारखान्याच्या वाटेस लागणें तर त्याहून कठीण. औषध फवारण्याचें कामहि ह्या दिवसांत वर्ज्यच समजावें. कारण कीटकनाशकाच्या विषबाधेचीं पहिलीं लक्षणें म्हणजे डोकेंदुखी, मळमळ व भोंवळ हींच, आणि मग कोणतें दुखणें कशाचें हें डॉक्टरासहि लवकर उमगत नाहीं.

तर मग अंधाऱ्या खोलींत महिनाभर पडून रहावें काय? तसेंहि नव्हे. तो सल्ला आतां मागें पडला आहे. खेळाडूंच्या अशा दुखापतींविषयीं २०२२ सालीं आम्सटरडॅम येथें तज्ज्ञांची परिषद भरली होती. तिचा अभिप्राय असा, कीं पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांति घ्यावी व नंतर हळूहळू हालचाल वाढवावी. शेतांत ह्याचा अर्थ आम्ही असा करितों: आरंभीं ओसरीवर बसून बियाणें निवडावें, हिशेब पहावा, शेतापर्यंत चालत जाऊन यावें, डोकें फार दुखूं लागलें तर थांबून दुसरे दिवशीं तेथूनच पुढें जावें. अंगमेहनतीचा सबंध दिवस त्रासावांचून गेला व डॉक्टरानें पाहिलें, म्हणजे मग आपल्याच सपाट वावरांत, कोणी सोबत असतां, ट्रॅक्टर घ्यावा. रहदारीचा रस्ता व रात्र हीं सर्वांत शेवटीं. प्रौढ मनुष्य बहुधा पंधरवड्यांत बरा होतो. कित्येकांस अधिक काळ लागतो. पहिला धक्का निवळण्यापूर्वीं दुसरा बसला तर तो फार जड जातो.

उलट, डोकेंदुखी वाढत चालली, वारंवार ओकारी झाली, बोलणें अडखळूं लागलें, एक हात लुळा पडला, फेंफरें आलें किंवा माणूस जागा करून जागा होईना, तर कांदा फोडून नाकाशीं धरीत न बसतां १०८ क्रमांकास हांक द्यावी. म्हाताऱ्या माणसांस व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारांस आंतील रक्तस्राव कांहीं आठवड्यांनींहि त्रास देतो, हें घरच्यांनीं ध्यानांत ठेवावें.

कायदाहि ह्या बाबतींत मुका नाहीं. आपल्या प्रकृतीमुळें आपलें वाहन चालविणें लोकांस धोक्याचें आहे हें ठाऊक असतां जो सार्वजनिक रस्त्यावर वाहन नेतो, तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खालीं दंडास पात्र होतो. ट्रॅक्टर त्यास अपवाद नाहीं.

आमचे बहुतेक वाचक जमीनधारक आहेत, म्हणून पुढील गोष्ट त्यांस उद्देशून उघड लिहितों. स्वतः मालकास मार लागला तर तो मनांत आणील तर घरीं राहूं शकतो. त्याच्या सालगड्यास ती मोकळीक नसते. खाडा झाला कीं मजुरी कापली जाते, म्हणून तो ‘बरें वाटतें’ असेंच सांगणार. त्याच्या शब्दावर विसंबून त्यास ट्रॅक्टरची किल्ली देणें हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. खांदा सुजलेल्या बैलाच्या मानेवर आपण जूं ठेवीत नाहीं; पोळ्याच्या आदल्या दिवशीं तर त्याचे खांदे मळतों. गड्याच्या वांट्यास तेवढा विचार यावयास नको काय? त्या पंधरवड्याची मजुरी मालकानें पुरी द्यावी. सरकारी मदतीची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. महाराष्ट्र सरकारच्या २०२३ च्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत मृत्यूस २ लाख रुपये व एक डोळा किंवा एक अवयव कायमचा गेल्यास १ लाख रुपये आहेत. पंधरा दिवसांच्या विश्रांतीस तींत जागा नाहीं.

वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं, हा आक्षेप येईल, व तो खरा आहे. त्यावर उपाय आपल्या वाडवडिलांनींच घालून दिला आहे. इर्जिक किंवा सावड म्हणून जी रीत होती, ती ट्रॅक्टरासहि लागू करतां येते. परवाना असलेल्या व ट्रॅक्टर नीट येणाऱ्या सभासदांची गांवोगांव यादी करावी. कोणाच्या डोक्यास मार लागला तर त्याची नांगरट-पेरणी त्यांनीं पाळीपाळीनें उरकावी. डिझेल शेतमालकाचें असावें. आणि लहान शेतकऱ्याच्या गड्याची अर्धी मजुरी संघाच्या निधींतून द्यावी. ही सूचना येत्या सर्वसाधारण सभेपुढें यावी असा आमचा आग्रह आहे. यादी मात्र उन्हाळ्यांतच पुरी व्हावी, कारण मृगाच्या तोंडावर हें काम करण्यास कोणासहि सवड सांपडणार नाहीं.