सोडलं म्हणजे हरलं?

आपल्याकडे कुणी एक वर्ष ड्रॉप घेतला की हॉस्टेलभर एकच वाक्य फिरतं, "गेला बिचारा!" सोडलं म्हणजे हरलं, हे आपलं ठरलेलं समीकरण. ते तपासायचं असेल तर अलिसा लिऊ या अमेरिकन फिगर स्केटरकडे बघा.

कॅलिफोर्नियातली ही मुलगी पाचव्या वर्षी बर्फावर उतरली. चीनमधून अमेरिकेत आलेल्या वकील वडिलांनी तिच्या स्केटिंगवर पैसा आणि वेळ अक्षरशः ओतला. जानेवारी २०१९ मध्ये डेट्रॉईटला ती अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली, तेव्हा वय फक्त १३! इतकी छोटी, की चौथऱ्यावर चढायला बाकीच्या पदकविजेत्यांनी हात दिला. त्याच वर्षी एका ज्युनिअर स्पर्धेत तिने क्वाड लुट्झ, म्हणजे हवेत चार फेऱ्या घेणारी उडी मारली. अमेरिकन मुलींमध्ये ही पहिलीच. २०२० मध्ये पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद.

यातलं मेकॅनिक्स आपल्याला सांगायला नको. अंग लहान, सडपातळ, तर मोमेंट ऑफ इनर्शिया कमी आणि गिरकी जलद. पण मुलं वाढतात! अलिसाची उंची वाढली, मोठ्या उड्या निसटल्या, २०२१ मध्ये ती राष्ट्रीय स्पर्धेत चौथी आली. तरी २०२२ मध्ये बीजिंग ऑलिम्पिक गाठलं, जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवलं. आणि पुढच्याच महिन्यात निवृत्ती जाहीर केली. वय १६.

मग ती एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत चालून आली, यूसीएलएमध्ये सायकॉलॉजी शिकू लागली. २०२४ मध्ये परतली ती स्वतःच्या अटींवर: संगीत कोणतं, ड्रेस कोणता, सराव किती, हे तीच ठरवणार. मार्च २०२५ मध्ये बोस्टनला ती जगज्जेती झाली. २००६ च्या किमी माइस्नरनंतर पहिली अमेरिकन महिला. गंमत म्हणजे या वेळी ना क्वाड होता, ना ट्रिपल ॲक्सल. फेब्रुवारी २०२६ मध्ये मिलान ऑलिम्पिकचं वैयक्तिक सुवर्णही तिचंच.

आता कुणी म्हणेल, "बघा, ब्रेक घेतला की गोल्ड मिळतं!" नाही हो. ती परत आलीच नसती तरी २०२२ चा निर्णय बरोबरच होता. कारण तो तिचा स्वतःचा होता. पाच वर्षांच्या पोरीला बर्फावर दुसऱ्याने नेलं. एकोणीस वर्षांची मुलगी स्वतःच्या पायाने गेली. फरक आहे तो इथे. बाकी सगळं तपशील.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. तिला थांबणं परवडलं; ज्याच्या घरी एज्युकेशन लोनचे हप्ते वाट बघतायत, त्याने काय करायचं? मान्य. पण म्हणूनच हे ओझं एकट्या पोरावर टाकून चालणार नाही. थांबणाऱ्याला नापासाच्या रांगेत उभं न करता "परत कधी येतोस?" एवढं घरच्यांनी, सरांनी, रूममेटने विचारावं. आणि तो परत आलाच नाही, दुसरंच काही करू लागला, तरी त्याला "बिचारा" म्हणू नये.

रेटत राहणं म्हणजेच जिद्द, असं आपण समजतो. कधी कधी ती नुसती भीती असते, थांबलो तर लोक काय म्हणतील याची. लोक म्हणजे आपणच ना?