लग्नानंतर आडनाव : सक्ती कायद्याची नाही, धम्माची तर नाहीच

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलामुलींच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नोंद होईल. या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या नावाची जुनी पद्धत कायम ठेवली आहे : तिचे नाव, पतीचे नाव, पतीचे आडनाव. आई म्हणून तिला कागदावर जागा मिळाली, पत्नी म्हणून मात्र ती पतीच्या नावानेच ओळखली जाणार.

ही पद्धत आहे, कायदा नाही. बौद्धांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात किंवा १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात पत्नीने आडनाव बदलावे असे कुठेही म्हटलेले नाही. माहेरच्या नावाने पासपोर्ट चालतो, बँक खाते चालते, मतदानही करता येते.

धम्माचेही तसेच. सिगालोवाद सुत्तात पतीची पत्नीविषयी पाच कर्तव्ये सांगितली आहेत : तिचा सन्मान करणे, अवमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घराचा अधिकार तिच्याकडे सोपवणे आणि तिला वस्त्र-अलंकार देणे. तिचे नाव बदलणे त्यात नाही. तांदळात नवे नाव लिहिण्याची चाल आपण ज्या व्यवस्थेतून बाहेर पडलो तिथली आहे. त्रिसरण-पंचशील घेऊन लग्न लावायचे आणि पत्रिकेत वधूचे नाव बदलून छापायचे, हे विसंगत आहे.

आपल्या मुलींसाठी हा प्रश्न कागदांचाही आहे. जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. त्यामुळे जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी वडिलांकडचे पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावाही. शाळेचा दाखला, पदवी, वैधता प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आणि आधार, पॅन सासरच्या नावाने असले की, नोकरीच्या किंवा राखीव जागेवरील निवडणुकीच्या अर्जावेळी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि कार्यालयांचे हेलपाटे. घटस्फोट झाला तर पुन्हा तीच यातायात. माहेरच्या आडनावाकडे परतण्यासाठी पतीचे ना-हरकत पत्र किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा मागणाऱ्या केंद्राच्या सूचनेला २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान द्यावे लागले.

दुसरी बाजूही आहे. पुण्यात भाड्याचे घर शोधताना आडनाव ऐकून आवाज बदलतो, हे आपल्या तरुणांना सांगायला नको. आंतरजातीय लग्न केलेल्या एखाद्या मुलीला सासरचे आडनाव सोयीचे वाटले, तर तिला दोष देण्याआधी त्या घरमालकाला प्रश्न विचारला पाहिजे. मात्र पतीच्या आडनावाने तिची जात झाकली जाते, जातिभेद संपत नाही.

‘माईसाहेबांनीही नाव बदलले होते’ असा मुद्दा काढला जातो. १९४८ मध्ये डॉ. शारदा कबीर या सविता आंबेडकर झाल्या, हे खरेच. पण एका स्त्रीने स्वीकारलेले नाव हा सर्व स्त्रियांसाठी नियम होत नाही. पतीचे आडनाव आनंदाने घेणारी मुलगी कमी आंबेडकरवादी ठरत नाही. तिला विचारले गेले होते का, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. लग्न ठरवताना मानपानाची बोलणी होतात, तशी नावाचीही व्हावीत आणि शेवटचा शब्द मुलीचा असावा. बौद्धाचार्यांनी विधीत किंवा नोंदवहीत वधूचे नाव परस्पर बदलू नये. आडनाव बदलायचे ठरलेच तर जातवैधता आधी करून घ्यावी, विवाह नोंदणी लगेच करावी आणि सर्व कागदपत्रे एकदमच बदलावीत. शासनाकडे मागणी एकच : विवाहित स्त्रीच्या नावाच्या रकान्यात काय लिहायचे, हे तिलाच ठरवू द्या.