पाचव्या सामन्याचा मानकरी

भारतीय बॅडमिंटनचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक बहुधा चरित्रकार होऊनच उठतो. प्रकाश पदुकोण यांनी १९८० साली ऑल इंग्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंडोनेशियाच्या लिएम स्वी किंग याचा १५-३, १५-१० असा पराभव केला, पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ साली तेच अजिंक्यपद पुन्हा भारताकडे आणले, आणि पुढे सायना नेहवाल व पी. व्ही. सिंधू यांनी ऑलिंपिकच्या पदकांनी हा खेळ घरोघरी पोहोचविला. हा क्रम आपल्या इतका परिचयाचा झाला आहे की राष्ट्राचा म्हणून जो संघ असतो त्याची वेगळी बखर असू शकते, त्याच्या यशापयशाची कारणे निराळी असू शकतात, हा विचार सहसा मनात येत नाही. मे महिन्याच्या मध्यास, २०२२ सालच्या बँकॉकच्या विजयाचा दिवस जवळ आला म्हणजे, त्या बखरीकडे वाचकांचे लक्ष वेधणे मला या स्तंभाचे कर्तव्य वाटते. कारण जगातील सर्वश्रेष्ठांत गणला जाणारा एकेरीचा खेळाडू ज्या वर्षांत आपल्या पदरी होता त्या वर्षांत पुरुषांच्या सांघिक अजिंक्यपदाचा थॉमस चषक आपल्या हाती आला नाही, आणि ज्या वर्षी तो आला त्या वर्षी बँकॉकला गेलेल्या दहा खेळाडूंपैकी एकाच्याही नावावर ऑल इंग्लंडचे वा जागतिक स्पर्धेचे एकेरीतील अजिंक्यपद नव्हते.

या खेळाचे आरंभीचे नियम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये आकारास आले, हे मराठी वाचकाला ठाऊक असते आणि त्याचा त्याला अभिमानही वाटतो. परंतु खेळाचे उगमस्थान असणे निराळे आणि खेळातील सामर्थ्य निराळे. ते सामर्थ्य आपणांस प्रथम दिसले ते १९४७ च्या मार्चमध्ये, जेव्हा दंगलींनी होरपळणाऱ्या लाहोरचे प्रकाशनाथ ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले व स्वीडनच्या कॉनी येप्सेनकडून पराभूत झाले. पुढल्याच वर्षी थॉमस चषकाची स्पर्धा सुरू झाली. सर जॉर्ज थॉमस हे स्वतः ऑल इंग्लंडचे विजेते, शिवाय बुद्धिबळातही नामांकित. त्यांनी १९३९ मध्येच हा चषक देऊ केला होता, पण महायुद्धामुळे त्याची पहिली लढत १९४८-४९ च्या हंगामापर्यंत लांबली.

त्या काळच्या स्पर्धेची रचना नीट समजून घेतल्याखेरीज आपल्या संघाचा इतिहास उलगडत नाही. दोन राष्ट्रांमधील एका लढतीत नऊ सामने असत, पाच एकेरीचे आणि चार दुहेरीचे, आणि ते दोन दिवस चालत. संघातील पहिले दोन एकेरी खेळाडू प्रतिपक्षाच्या दोघांशी प्रत्येकी एकदा खेळत, तिसरा तिसऱ्याशी खेळे, आणि दोन्ही जोड्या समोरच्या दोन्ही जोड्यांना सामोऱ्या जात. एखादा खेळाडू कितीही असामान्य असला तरी एकेरीतून तो आपल्या राष्ट्रास नऊपैकी दोनच विजय मिळवून देऊ शकत असे. उरलेल्या सातांची तजवीज इतरांनी करावयाची.

या कसोटीवर आपला पहिल्या पिढीचा संघ किती भरीव होता, याची साक्ष १९५२ आणि १९५५ या दोन वर्षांचे दप्तर देते. १९५२ मध्ये आंतरविभागीय फेरीत भारताने डेन्मार्कला ६-३ असे हरविले आणि अमेरिकेकडून ४-५ अशी, म्हणजे एका सामन्याच्या अंतराने, हार पत्करली. तो एक सामना इकडे आला असता तर मलायासारख्या गतविजेत्यांशी अंतिम लढत खेळण्याचा मान आपणांस मिळाला असता. तीन वर्षांनी अमेरिकेचे उट्टे ६-३ असे काढले गेले, पण त्या वेळी डेन्मार्कने ३-६ असे आपणांस अडविले. दोन्ही प्रसंगी आपण जगातील पहिल्या तीन राष्ट्रांत होतो, आणि तेही अशा काळात, जेव्हा परदेशप्रवास ही वर्षानुवर्षांतून क्वचित घडणारी गोष्ट होती.

त्या संघाचे मर्म मला नंदू नाटेकर यांच्या कारकिर्दीच्या एका हिशेबात दिसते. सांगलीस जन्मलेल्या नाटेकरांना महाराष्ट्र ओळखतो तो १९५६ मध्ये क्वालालंपूर येथे आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू आणि अर्जुन पुरस्काराच्या १९६१ मधील पहिल्या मानकऱ्यांपैकी एक म्हणून. त्यांच्या मनगटाच्या लालित्याची वर्णने जुन्या जाणत्यांनी मुबलक केली आहेत. पण १९५१ ते १९६३ या काळात त्यांनी थॉमस चषकात एकेरीचे १६ सामने खेळून १२ जिंकले आणि दुहेरीचेही तितकेच, म्हणजे १६, खेळून ८ जिंकले, ही गोष्ट मला त्या लालित्याहूनही महत्त्वाची वाटते. देशाचा सर्वोत्तम एकेरी खेळाडू दुहेरीच्या कोर्टावरही तितक्याच वेळा उतरत होता, राष्ट्रासाठी निम्मे श्रम जोडीदाराबरोबर वाटून घेत होता. त्याच पिढीत मनोज गुहा आणि गजानन हेमाडी यांची जोडी होती, जिचे नाव आजच्या क्रीडारसिकांच्या स्मरणातून जवळजवळ पुसले गेले आहे, आणि याचे मला मनापासून दुःख होते. कारण १९५० च्या दशकातील भारतीय संघाला जे वजन होते ते अशाच जोड्यांमुळे होते.

पुढे इंडोनेशियाचा उदय झाला, १९५८ मध्ये त्यांनी मलायाची सत्ता संपविली, आणि आपण विभागीय फेऱ्यांत अडखळत राहिलो. १९७९ मध्ये पदुकोण व तरुण सय्यद मोदी यांच्या काळात आपण पुन्हा उपांत्य फेरी गाठली आणि पुन्हा डेन्मार्कच आडवे आले. पदुकोण त्या सुमारास लागोपाठ नऊ वर्षे राष्ट्रीय विजेते होते, वर्षभराने ते ऑल इंग्लंड जिंकणार होते. तरीही संघ तेथेच थांबला, आणि त्यांत त्यांचा दोष तिळमात्र नव्हता. १९८४ पासून स्पर्धेचा जाबता बदलला: नऊऐवजी पाच सामने, तीन एकेरीचे व दोन दुहेरीचे, आणि दर तीन वर्षांऐवजी दर दोन वर्षांनी स्पर्धा. वरवर पाहता हा बदल थोडे खेळाडू असलेल्या राष्ट्रांस अनुकूल होता. प्रत्यक्षात मात्र पाचांपैकी दोन सामने दुहेरीचे असल्यामुळे, ज्याची दुहेरी कमजोर त्याला तिन्ही एकेरी जिंकण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि आपली अवस्था पुढली पस्तीस-चाळीस वर्षे बहुतांशी अशीच राहिली.

दुहेरीची ही आबाळ का झाली? एकेरीत नाव होते, नोकरी मिळते, वर्तमानपत्रांत छायाचित्र येते. जोडी मात्र एका गावात राहून, एकाच मार्गदर्शकाच्या हाताखाली, वर्षानुवर्षे एकमेकांच्या चुका पचवीत घडवावी लागते, आणि तो संसार उभा करण्याची सोय आपल्याकडे नव्हती. तुरळक अपवाद झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत महाराष्ट्राचे प्रदीप गंधे यांनी लेरॉय डिसा यांच्या साथीने पुरुष दुहेरीचे कांस्यपदक मिळविले, त्याच वेळी सांघिक कांस्यही आपल्याकडे आले. आणि त्यानंतर आशियाई स्पर्धेतील पुरुष दुहेरीचे पुढले पदक येण्यास २०२३ साल उजाडावे लागले. एकेचाळीस वर्षे! या एका आकड्यात आपल्या संघाच्या दीर्घ उपवासाचे कारण सामावले आहे, असे माझे मत आहे.

तो उपवास सोडविणाऱ्या जोडीपैकी चिराग शेट्टी हा मुंबईचा मुलगा. त्याचे पहिले धडे झाले ते गंध्यांच्याच पिढीतील दुहेरीचे खेळाडू उदय पवार यांच्या अकादमीत. अशा रीतीने उपेक्षित राहिलेल्या एका पिढीचे ज्ञान मुंबईच्या उपनगरात जपले गेले आणि योग्य हाती पडले. हैदराबादेत त्याला आंध्रच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीशी जोडण्याची दृष्टी दाखविली ती टॅन किम हर या मलेशियन मार्गदर्शकांनी. उंचपुऱ्या, मागल्या अंगणातून प्रचंड स्मॅश मारणाऱ्या दोन खेळाडूंची जोडी कशी जमणार, ही शंका त्या वेळी दोघांनाही होती. ती सरावाने मिटली. पुढे मथियास बो हे डेन्मार्कचे ऑलिंपिक रौप्यविजेते दुहेरीपटू त्यांस मार्गदर्शक म्हणून लाभले.

२०२२ च्या मे महिन्यात बँकॉकला गेलेल्या आपल्या संघाने जर्मनी व कॅनडा यांना ५-० असे नमविले, चिनी तैपेईकडून २-३ अशी हार खाल्ली, आणि तो उपांत्यपूर्व फेरीत मलेशियासमोर उभा राहिला. येथून पुढे जे घडले ते मी सावकाश सांगू इच्छितो, कारण त्यातील क्रमाला अर्थ आहे. मलेशियाविरुद्ध पहिला एकेरी सामना लक्ष्य सेन हरला, सात्त्विक-चिराग जिंकले, किदंबी श्रीकांत जिंकला, दुसरी जोडी हरली, आणि पाचव्या सामन्यात एच. एस. प्रणॉय जिंकला. उपांत्य फेरीत डेन्मार्कविरुद्ध नेमका तोच क्रम, सामन्यागणिक तोच निकाल. व्हिक्टर ॲक्सेल्सेनने लक्ष्यला सहज हरविले, आणि शेवटी २-२ अशा बरोबरीवर सारा भार पुन्हा प्रणॉयवर आला. रास्मुस गेम्केविरुद्ध पहिल्याच गेममध्ये त्याचा पाय घसरून घोटा दुखावला, तो गेम १३-२१ असा गेला, उपचार घेऊन तो परत उभा राहिला, आणि पुढले दोन गेम त्याने २१-९, २१-१२ असे घेतले. ज्या डेन्मार्कने १९५५ आणि १९७९ मध्ये आपली वाट अडविली होती तेच अखेर मागे सरले. प्रणॉय तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता, २०१७ नंतर त्याच्या नावावर एकही वैयक्तिक अजिंक्यपद नव्हते, आणि संघाच्या तक्त्यात तो तिसरा एकेरी खेळाडू होता. राष्ट्राला प्रथमच अंतिम फेरीत नेण्याचे श्रेय त्या तिसऱ्याचे आहे.

अंतिम लढत चौदा वेळच्या विजेत्या इंडोनेशियाशी होती, आणि ती तीनच सामन्यांत संपली. लक्ष्यने अँथनी गिंटिंगविरुद्ध पहिला गेम ८-२१ असा गमावून पुढले दोन २१-१७, २१-१६ असे जिंकले. दुहेरीत इंडोनेशियाने आपल्या दोन विख्यात जोड्यांतून एकेक खेळाडू घेऊन मोहम्मद अहसान व केव्हिन संजया सुकामुल्यो अशी नवी जोडी उतरविली होती; दोघेही व्यक्तिशः कीर्तिमान, परंतु एकत्र फार थोडे खेळलेले. पहिला गेम त्यांनी २१-१८ असा घेतला, दुसऱ्यात विजय त्यांच्यापासून एका गुणावर आला, आणि सात्त्विक-चिराग यांनी चार मॅच पॉइंट वाचवून तो गेम २३-२१ व तिसरा २१-१९ असा मिळविला. असामान्य व्यक्तींची ऐनवेळी बांधलेली जोडी आणि वर्षांच्या सहवासातून घडलेली जोडी यांतील भेद त्या शेवटच्या गुणांत स्पष्ट दिसला. श्रीकांतने जोनातन क्रिस्टीला २१-१५, २३-२१ असे हरविले आणि चषक जिंकणारे भारत हे सहावे राष्ट्र ठरले. नाटेकर त्याआधी दहा महिने, २०२१ च्या जुलैत, पुण्यास निवर्तले होते; त्यांना हा दिवस पाहावयास मिळावयास हवा होता.

बँकॉकच्या आनंदात एक गोष्ट बाजूस पडली, ती म्हणजे दुसरी जोडी मलेशिया आणि डेन्मार्क या दोन्ही कठीण लढतींत हरली होती. तिची किंमत आपण पुढल्याच वर्षी हांगझोऊ येथे मोजली. आशियाई क्रीडास्पर्धेच्या सांघिक अंतिम लढतीत यजमान चीनविरुद्ध लक्ष्य आणि सात्त्विक-चिराग यांनी पहिले दोन सामने जिंकून दिले, सुवर्ण एका सामन्यावर आले, आणि नंतरचे तिन्ही सामने आपण हरलो. पाठीच्या दुखापतीमुळे प्रणॉय त्या दिवशी उपलब्ध नव्हता, आणि त्याच्या जागी उभा राहू शकेल असा तयार मनुष्य आपल्याजवळ नव्हता. रौप्यपदक ऐतिहासिक होते यात संशय नाही. मात्र २०२४ मध्ये चेंगडू येथील थॉमस चषकात त्याच चीनने आपणांस उपांत्यपूर्व फेरीत ३-१ असे रोखले, आणि त्यातही दोन्ही दुहेरी सामने गेले.

याच्या उलट दाखला स्त्रियांच्या संघाने दिला आहे. उबर चषकात २०१४ व २०१६ मध्ये कांस्य मिळविणाऱ्या या संघाने २०२४ च्या फेब्रुवारीत मलेशियातील शाह आलम येथे आशियाई सांघिक अजिंक्यपद जिंकले. सिंधू संघात होती, आणि तिचे तेथे असणे मोलाचे होते. पण गटात चीनविरुद्ध, उपांत्य फेरीत जपानविरुद्ध आणि अंतिम फेरीत थायलंडविरुद्ध, अशा तिन्ही वेळी २-२ अशा बरोबरीनंतरचा निर्णायक पाचवा सामना जिंकला तो अनमोल खरब या सतरा वर्षांच्या मुलीने, जिचे नाव त्या आठवड्यापूर्वी फारच थोड्यांनी ऐकले होते. तिच्या मागे ट्रीसा जॉली व गायत्री गोपीचंद यांची जमलेली जोडी होती. ज्यांनी तिला संघात घेण्याचे धाडस केले त्या निवड समितीचा मला मनःपूर्वक आदर वाटतो.

म्हणून बॅडमिंटन महासंघापाशी माझी मागणी अगदी नेमकी आहे. राष्ट्रीय शिबिरात पहिल्या जोडीइतकाच खर्च, तितकाच परदेशप्रवास आणि स्वतंत्र मार्गदर्शक दुसऱ्या व तिसऱ्या जोडीस मिळावा. कुमार गटापासून जोड्या ठरवून त्या किमान दोन-तीन वर्षे मोडू नयेत. राष्ट्रीय दुहेरी विजेत्यांच्या पारितोषिकाची रक्कम एकेरी विजेत्यापेक्षा कमी असू नये. आणि आंतरराज्य सांघिक लढतींना हंगामात पुरेसे दिवस राखून ठेवावेत, म्हणजे २-२ अशा बरोबरीवर कोर्टावर उतरण्याचा अनुभव खेळाडूला पंधराव्या-सोळाव्या वर्षीच मिळेल. गंधे, पवार, शेट्टी अशी दुहेरीची परंपरा असलेल्या महाराष्ट्राने तर वरून हुकूम येण्याची वाट पाहू नये. जिल्हा पातळीवर दुहेरीचा एकेक वाकबगार शिक्षक नेमण्याचे काम राज्य संघटनेने येत्या हंगामापूर्वी हाती घ्यावे.